बेचाळीसच्या पुढे नाही

आमच्या वस्तीवर अण्णांकडे कोणी पाहुणे आले की अण्णा त्यांना अंगणात बसवतात, पाण्याचा तांब्या देतात आणि गोठ्यात जातात. तिथे कॉम्प्युटरच्या डब्यावर हाताची मागची बाजू टेकवतात, डोळे मिटून थोडा वेळ उभे राहतात आणि बाहेर येऊन सांगतात, "आज जमायचं न्हाई. अंगात कणकण हाय."

पाहुणे काळजीने म्हणतात, "मग पडा की जरा अण्णा. गोळी घेतली का?"

"माझ्या न्हाई. त्याच्या."

त्याच्या म्हणजे हार्डडिस्कच्या.

एवढं वाचून अण्णा डोक्याने थोडे हे आहेत असं कुणाला वाटेल. मला तसं वाटू द्यायचं नाही, पण मला ते नीट सांगता येईल की नाही याची खात्री नाही. मी जुन्नरला कॉलेजात कॉम्प्युटर शिकते. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. त्यामुळे घरच्यांच्या मते मला कॉम्प्युटरमधलं सगळं कळतं आणि कॉलेजातल्यांच्या मते फारसं काही नाही. खरं कुठेतरी मध्ये असावं. पण अण्णांची हार्डडिस्क मी पहिल्या वर्षापासून जवळून पाहते आहे, आणि तिच्यावरून अण्णांशी भांडतेही आहे. म्हणून लिहिते.

राजुरीच्या पुढे आमची वस्ती आहे. आमच्याकडे, म्हणजे जुन्नर आणि आंबेगाव या दोन्ही तालुक्यांत, एखाद्याची ओळख करून देताना तो काय काम करतो हे नंतर सांगतात, त्याचा गाडा कुठल्या घाटात पळाला हे आधी. बैलगाड्याची शर्यत ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. घाट म्हणजे चढाची एक लांब पट्टी. गाड्याला चार बैल, त्यांच्या पुढे घोडीवर एक स्वार, गाड्यात कोणी नाही. बैल सुटले की धूळ, भंडारा, आरोळ्या, आणि आपल्याला ठसका लागून थांबेपर्यंत सगळं संपलेलं. या एका धावेला बारी म्हणतात. एवढ्याशा बारीसाठी माणसं वर्षभर बैलाला दूध-अंडी घालतात आणि स्वतः कोरा चहा पितात.

अण्णा त्या बाऱ्यांचं शूटिंग करायचे. यात्रेच्या दिवसांत त्यांना घरी जेवायला वेळ नसायचा. मग शर्यतींवर बंदी आली आणि ती बरीच वर्षं टिकली. त्या काळात कुणाचे बैल विकले गेले, कुणाचे म्हातारे होऊन गेले. बंदी उठली तेव्हा नवे बैल आले, आणि त्यांच्याबरोबर ज्याच्या त्याच्या हातात मोबाइल आला. आता घाटावर ड्रोन फिरतं, शर्यत घरबसल्या लाइव्ह दिसते. अण्णांना शूटिंगला कोणी बोलवत नाही.

पण बंदीच्या आधीचे बैल आता एकाच ठिकाणी पळतात, अण्णांच्या हार्डडिस्कमध्ये. कॅसेटींना बुरशी लागली, सीड्यांवर ओरखडे पडले, उरलं ते एवढंच. ही डिस्क जुनी झाली आहे, तिची दुसरी कॉपी नाही, आणि अण्णा ती करू देत नाहीत. आमचं भांडण आहे ते यावरूनच. "कॉपी करायची म्हंजे त्याला तासन् तास सलग पळवायचं," अण्णा म्हणतात. "पळवायचा हाय का मारायचा हाय?"

"पळवायचा हाय का मारायचा हाय" हे अण्णांचं आवडतं वाक्य. ते त्यांनी तालुक्यातल्या बहुतेक सगळ्यांना ऐकवलेलं आहे.

कॉम्प्युटर ठेवलाय गोठ्यात. घरावर पत्रे आहेत, गोठ्यावर कौलं. त्यामुळे गोठा गार राहतो. अण्णांकडे स्वतःचा शेवटचा बैल होता त्याला पुष्कळ वर्षं झाली. त्याच्या गव्हाणीवर फळी टाकून त्यांनी टेबल केलं, दावणीच्या खुंट्याला वायरी गुंडाळल्या. डब्याचा बाजूचा पत्रा काढलेला आहे आणि समोर टेबलफॅन. खिडकीला ओलं पोतं. पोतं खिडकीलाच, डब्याच्या जवळ नाही. याबाबतीत अण्णा कडक आहेत.

अण्णांनी आयुष्यभर बैल पाहिले. त्यामुळे हार्डडिस्क हाताशी आली तेव्हा तिला कसं वागवायचं हे त्यांना कुणाला विचारावं लागलं नाही. बारी मारून आलेल्या बैलाला लगेच पाणी पाजत नाहीत, आधी फिरवून अंग निवू देतात. म्हणून चार व्हिडिओ दाखवून झाले की अण्णा डिस्कला विसावा देतात. पाहुण्यांनी कितीही विनवलं तरी पाचवा लागत नाही. थंडीत बैल आखडतो, त्याला गरम होऊ द्यावं लागतं. म्हणून पौषात अण्णा कॉम्प्युटर नुसताच चालू करून ठेवतात आणि पाहुण्यांना सांगतात, "अंग मोकळं होऊ द्या त्याचं." पोळ्याला बैलाला जुंपत नाहीत, तर त्या दिवशी कॉम्प्युटरचं बटण कोणी दाबायचं नाही. डब्याला हळद-कुंकू, वर फुलांची माळ, पुढे पुरणपोळी. पहिल्या वर्षी ती पोळी मी खाल्ली. अण्णा म्हणाले, "खा. त्याचं पोट भरलंय."

मी हसायचे. पण हसतानाही मनात यायचं की यात चुकीचं नक्की काय आहे? कॉलेजात शिकवतात तेही थोडंफार असंच. डिस्क फार तापू नये, फार गारठूही नये, आणि एकदम तापून एकदम गार तर मुळीच होऊ नये. फरक इतकाच की आमच्याकडे हे परीक्षेत लिहितात आणि अण्णा त्यावर भांडणं करतात.

भांडणं वाढली त्याला निमित्त माझंच झालं. एकदा मी त्यांच्या कॉम्प्युटरमध्ये एक छोटा प्रोग्राम टाकून दिला. डिस्कच्या आत तापमान मोजायची सोय असते, तो आकडा या प्रोग्रामने पडद्याच्या कोपऱ्यात दिसतो. मला वाटलं, आकडा दिसला की अण्णांची काळजी कमी होईल. अण्णांनी तो आकडा बराच वेळ पाहिला आणि विचारलं, "किती चालंल?"

मी म्हटलं, "बघून सांगते."

"बघायचं काय त्यात? बेचाळीस."

"बेचाळीसच का?"

अण्णा घरात गेले आणि ताप मोजायचा काचेचा थर्मामीटर घेऊन आले. "वाच. बेचाळीसच्या पुढं आकडंच न्हाईत. का न्हाईत? कारण पुढं माणूसच न्हाई."

मी दुसऱ्या दिवशी कॉलेजातून हार्डडिस्क बनवणाऱ्या कंपनीचं माहितीपत्रक छापून आणलं. त्यात साठ अंशांपर्यंत चालेल असं स्पष्ट लिहिलं होतं. मी अण्णांना समजावून सांगितलं की तीस ते पंचेचाळीस म्हणजे तर अगदी सुखाचं, पन्नाशीकडे गेली की लक्ष ठेवायचं, पण तेवढ्याने ती लगेच मरत नाही. उलट वय, धक्का, मध्येच गेलेली लाइट, यांनीच डिस्का जास्त मरतात. म्हणून तर कॉपी पाहिजे.

अण्णांनी कागद लांब धरून वाचल्यासारखं केलं. "हे लिवलंय कुणी?"

"कंपनीने."

"म्हंजे इकणाऱ्यानं. बाजारात बैल इकणारा काय सांगतो? दिसभर पळतोय, कायबी खातोय, लाथ मारत न्हाई. घेतलास का मग तू बैल?"

मी कागद घडी करून पिशवीत टाकला. बेचाळीस कायम झालं. चैत्र-वैशाखात आमच्याकडे दुपारी गोठ्यातसुद्धा डिस्क सहज चव्वेचाळीसला जाते. म्हणजे ऐन यात्रांच्या दिवसांत, जेव्हा माणसं सगळ्यात जास्त येतात, तेव्हाच अण्णांचं दुकान बंद. तरी माणसं यायची. सकाळी लवकर यायची, नाहीतर उन्हं कलायची वाट बघत अंगणात बसायची. अण्णा त्यांना चहा करून द्यायचे. काकू गेल्यापासून घरात अण्णा एकटेच. एक मुलगी आहे, ती नाशिकला, दिवाळीला येते. चहा मात्र अण्णा असा करतात की वाट बघणाऱ्याची तक्रार अर्ध्या कपात संपावी.

एकदा तालुक्यातले एक पुढारी आले. नाव लिहीत नाही. दोन गाड्या भरून माणसं बरोबर. त्यांचा वाढदिवस होता आणि मोठ्या पडद्यावर त्यांच्या जुन्या गाड्याची बारी दाखवायची होती. दुपारची वेळ, कोपऱ्यात सेहेचाळीस.

"अण्णा, पाच मिनिटांचं काम आहे," पुढारी म्हणाले.

"तुमचं पाच मिनटाचं हाय. त्याचं जल्माचं हाय."

"मी एसी बसवून देतो गोठ्याला. उद्याच्या उद्या."

"एसीत बैल बांधलेला बघितलाय का सायेब कुठं?"

इथे पुढाऱ्यांच्या एका कार्यकर्त्याने आपली हुशारी दाखवली. गाडीतली बर्फाळ पाण्याची बाटली आणून त्याने थेट उघड्या डब्यात, डिस्कला टेकवून उभी केली. अण्णा एवढे ओरडले की शेजारच्या वस्तीवरची कुत्री भुंकायला लागली. "तापल्या अंगावर गार पानी! आरं, तुला आयबापानं न्हाऊ घातला का न्हाई कदी?" बाटलीला घाम सुटला होता, त्याचा एक थेंब डिस्कपासून बोटभर अंतरावर पडला. अण्णांनी तो धोतराच्या सोग्याने टिपला आणि पुढाऱ्यांकडे पाठ करून उभे राहिले. पुढारी गेले. जाताना म्हणाले, "तुमचं गावात कायतरी काम निघंलच कधीतरी."

"निघू दे," अण्णा म्हणाले. "तवाबी बेचाळीसच्या वर आसंल तर मी येणार न्हाई."

मी घाबरले होते. अण्णांना म्हटलं, एवढं तोडून कशाला बोलायचं? अण्णा म्हणाले, "मॅडम, नियम एकाला वाकवला का तो सगळ्यांनाच वाकवता येतोय."

हा नियम पुढे वाकला. पुढाऱ्यापुढे नाही, हिराबाईंपुढे.

हिराबाई मढच्या. माळशेजच्या वाटेवरचं ते डोंगरातलं गाव, भाताचं. तिथून एसटीने जुन्नर, जुन्नरहून दुसऱ्या एसटीने फाटा, आणि फाट्यावरून चालत, भर वैशाखात एका दुपारी त्या आल्या. एकट्या. सत्तरीच्या पुढच्या असाव्यात. अंगणात टेकल्या, पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "पावणं, माझा पाखऱ्या दाखवा."

अण्णांनी विचारलं, "कुणाच्या गाड्याचा?"

हिराबाईंनी गाडामालकाचं नाव सांगितलं. पाखऱ्या त्यांच्या घरी जन्मलेला. आई लगेच गेली, म्हणून बाटलीने दूध पाजून वाढवलेला. मोठा झाल्यावर खाली राजुरीकडच्या गाडामालकाने तो नेला. पुढे पाखऱ्या घाटात पहिला येतो असं त्यांच्या कानावर यायचं. पण तेव्हा बायका घाटात जात नसत, आणि डोंगरातली बाई तर नाहीच. मग बंदी आली. पाखऱ्याही गेला. ज्याला बाटलीने पाजला त्याला पळताना त्यांनी कधीच पाहिलं नव्हतं.

"आणि माझी जाव," हिराबाई म्हणाल्या, "अजून म्हणती, तुझा पाखऱ्या कसला पळतोय, तो तर चिखलात बसकण मारायचा. इतकी वर्सं ऐकून घेतलं. आता माझं बी वय झालं, तिचं बी झालं. ती आधी गेली तर मी सांगू कुणाला?"

अण्णा आत गेले. मी मागून गेले. कोपऱ्यात सेहेचाळीस. नेहमीसारखा हात टेकवायचीही गरज नव्हती. अण्णा बाहेर आले.

"मावशी, सांच्याला लावतो. आता अंग तापलंय त्याचं."

"सांच्याला माझी गाडी जाती."

"मग मुक्काम करा. पलीकडं या पोरीच्या घरी बायामाणसं हायेत."

"आन् घरी म्हस कोण पिळणार? तुमी?"

"मावशी, पुढाऱ्याला बी मी लावून दिलं न्हाई."

"पुढाऱ्यानं बाटलीनं दूध पाजलं व्हतं का?"

अण्णा हलले नाहीत. समजावणीच्या सुरात म्हणाले, "तुमी बैल सांभाळलाय म्हणून सांगतो. तापलेला बैल पळवायचा का? पळवायचा हाय का मारायचा हाय?"

हिराबाई उठल्या. न विचारता गोठ्यात शिरल्या. टेबलफॅन, ओलं पोतं, उघडा डबा, सगळं त्यांनी एकदा पाहून घेतलं. मग डब्यावर हात ठेवला, अण्णा ठेवतात तसाच, उलटा.

"धग हाय," त्या म्हणाल्या. "पण पावणं, येक सांगा. हा हितं नुसता बांधूनच ठिवलाय ना तुमी? दावणीला बांधून ठिवलेला बैल काय मरत न्हाई? तो पळायचा बैल हाय. पळूनच मरू द्या की त्याला."

मी अण्णांकडे पाहायचं टाळलं. बैलाच्या भाषेत अण्णांना कोणी हरवलेलं मी तोवर पाहिलं नव्हतं. अण्णा बराच वेळ खुंट्याला गुंडाळलेली वायर सारखी करत राहिले. मग म्हणाले, "मॅडम, लावा."

पाखऱ्याची बारी कुठल्या फोल्डरमध्ये आहे हे अण्णांना पाठ होतं. लावली. डिस्कमधून कट-कट असा आवाज आला, अण्णांचा चेहरा आक्रसला. पडद्यावर धूळ उठली, घोडी गेली, मागून चार बैल.

"ह्यो न्हवं," हिराबाई म्हणाल्या.

"आवो मावशी, डावीकडचा! मी सोता काढलंय हे!"

"ह्यो लई मोटा हाय. माझा एवढा न्हवता."

तेवढ्यात चित्र अडकलं. बैल हवेत पाय टाकून तसेच थांबले. कट-कट-कट. कोपऱ्यात सत्तेचाळीस. मग चित्र एकदम सुटलं, गाडा निशाणापलीकडे गेला, माणसांनी बैल आवरले. आणि डावीकडच्या बैलाने मान पूर्ण वळवून मागे पाहिलं.

"आगं बया!" हिराबाई किंचाळल्या. "पाखऱ्याच हाय मेला! मागं बघतोय! डोंगरावनं घरी आला का अस्साच मागं बघायचा, कुणी ऱ्हायलं का म्हणून! परत लावा, परत लावा."

अण्णांनी परत लावलं. मग आणखी एकदा. आकडा एकोणपन्नास झाला होता आणि अण्णा तिकडे पाहत नव्हते.

नंतर हिराबाई अंगणात बसल्या आणि पाखऱ्याविषयी बोलत राहिल्या. पावसात तो घरात कसा घुसायचा, भाताची रोपं कशी खायचा, त्याला नेलं त्या दिवशी जाऊबाईच कशी रडली. अण्णाही बोलत राहिले, कोणत्या घाटात कोणी त्याच्या शेपटीला हात लावला आणि त्याने त्याला कसा लोळवला. एसटी निघून गेली. कुणाच्या लक्षात आलं नाही. चहा तीनदा झाला. शेवटी माझ्या भावाने त्यांना मोटरसायकलवर जुन्नरला नेऊन मढच्या गाडीत बसवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा आमच्या दारात. पायात चपला नव्हत्या. "मॅडम, तो दिसंना झालाय."

कॉम्प्युटर चालू होत होता, डिस्क मात्र त्याला सापडत नव्हती. नुसती कट-कट. मी कॉलेजातल्या सरांना फोन केला. ते म्हणाले, सारखी बंद-चालू करू नका, निवू द्या, मग एकदा लावून बघा. लागली तर दुसरं काही न करता आधी सगळी कॉपी काढा, मध्ये थांबवू नका. पुन्हा लागेल की नाही सांगता येत नाही. मी त्यांच्याकडून एक नवी डिस्क मागून आणली.

तिसऱ्या दिवशी पहाटेच्या गारव्यात आम्ही ती लावली. पहिल्यांदा नाही. दुसऱ्यांदा कोपऱ्यात आकडा उमटला. एकोणतीस.

मला इतका आनंद झाला की मी बोलत सुटले. "बघा अण्णा, आता कॉपी झाली की काळजी नाही. पाहिजे त्याला मोबाइलवर पाठवता येईल. हिराबाईंसारखं एवढ्या उन्हातून कुणाला यायलाच नको."

अण्णा म्हणाले, "व्हय." आणि थोड्या वेळाने, "बेचाळीस झालं का बंद करायचं."

"अण्णा, मध्ये बंद केली तर परत लागणार नाही."

"आजवर ऐकलंय तुझं? बेचाळीसच्या पुढं न्हाई."

कॉपी सुरू झाली. ऊन चढत गेलं. छत्तीस, एकोणचाळीस. चाळीसला अण्णा खुर्चीतून उठले. बेचाळीसला ते भिंतीवरच्या बटणाकडे गेले, आणि मी बटणासमोर जाऊन उभी राहिले. मी असं कधी केलेलं नाही. वर्गात मला येत असलं तरी मी हात वर करत नाही.

"सरक."

"नाही सरकत."

"तुझ्या बापाला सांगीन."

"सांगा."

"कालपर्यंत शेंबूड पुसत व्हतीस हितं."

"पुसत होते. तरी सरकणार नाही." मी पाठ बटणाला टेकवली. "अण्णा, ही गेली तर पाखऱ्या गेला, सगळे गेले. तुम्ही त्यांना जपता म्हणता ना? मग तुम्हाला ते राहायला नकोत का?"

अण्णा माझ्याकडे बघत राहिले. रागावले होते असं म्हणवत नाही. एखाद्याने आपल्या हातातलं काढून घ्यावं आणि ते बरोबरच असावं, तेव्हा चेहरा होतो तसा त्यांचा झाला होता. ते गोठ्याच्या बाहेर जाऊन बसले. आकडा पंचेचाळीसला गेला, अठ्ठेचाळीसला गेला, तिथे डगमगला आणि राहिला. काही बाऱ्या नाही आल्या. पण बहुतेक आल्या. दुपार व्हायच्या आत काम संपलं. मी जुनी डिस्क बंद केली, नवी हातात घेऊन बाहेर आले आणि अण्णांच्या शेजारी बसले.

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. अण्णांना कमी ऐकू येतं म्हणून त्यांचा फोन मोठ्या आवाजातच असतो. आंबेगावकडचा कुणी मुलगा होता, पुण्यात नोकरीला. त्याच्या वडिलांचा गाडा बंदीच्या आधी पळायचा. अण्णांचं नाव त्याला आताच कळलं होतं.

"काका, एक बारी मिळेल का? व्हॉट्सॲपला टाका ना. मी पप्पांना पाठवतो."

अण्णांनी माझ्या हातातल्या डिस्ककडे पाहिलं. पाठवायला किती वेळ लागतो हे मला माहीत होतं. आता त्यांनाही माहीत होतं.

"वडील हायेत ना?" अण्णांनी विचारलं.

"आहेत ना. गावीच असतात."

"आणि कोण असतंय घरी?"

"कोणी नाही. आई गेली मागच्या वर्षी. मी शनिवार-रविवारी जातो, जमेल तसं."

"मग त्यांना घेऊन ये हितं."

"अहो काका, एवढ्या लांब? काही सेकंदांचं तर आहे ते."

"बारी तेवढीच असती रं बाबा," अण्णा म्हणाले. "ती मोबाइलवर बी दिसंल. पण बघून झाल्यावर म्हाताऱ्यानं बोलायचं कुणाशी? भिताडाशी? मी बोलून बघितलंय. ते उत्तर देत न्हाई."

पलीकडे मुलाने आधी यायची वाट विचारून घेतली. मग म्हणाला, "रविवारी आणतो त्यांना."

"जेवायलाच या," अण्णा म्हणाले, आणि फोन कसा बंद करायचा ते न सुचून त्यांनी तो माझ्या हातात दिला.